उजवी बाजू गिऱ्हाइकाकडे

माझ्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला कोड आहे. शब्द मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्याकडे तो कोणी तोंडातून काढत नाही. "तिला ते झालंय" म्हणतात, "अंगावर उठलंय" म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. जणू मी कुणाचं काही चोरलंय. माझ्या कातडीतला रंग गेला, तोही अर्ध्याच तोंडावरचा. त्यातला बराचसा आता परत आला आहे. तो कसा गेला आणि कसा आला ते सांगते. पण खरं सांगायचं तर मधल्या काळात माणसं जशी वागली, त्याचाच राग अजून गेलेला नाही. हे ज्यांना नुकतंच झालंय त्यांच्यासाठी लिहिते आहे. औषधांची नावं सांगणार नाही, ती डॉक्टरांनी तुमची कातडी बघून सांगायची असतात.

पीठ लागलंय

हातखंब्याच्या तिठ्याजवळ, महामार्गाला लागून आमची खानावळ आहे. माझा नवरा संतोष बाजारहाट करतो आणि गल्ल्यावर बसतो. रांधायचं आणि वाढायचं माझ्याकडे. सासूबाई भाकऱ्या थापतात. ट्रकवाले, मिरजोळ्याच्या कारखान्यांतले कामगार, सुट्टीत गोव्याकडे जाणारी कुटुंबं, असं आमचं गिऱ्हाईक. माशाच्या ताटाला आमच्याकडे लांबून लोक थांबतात, हे मी बढाई म्हणून नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते.

थंडीच्या दिवसांत हनुवटीच्या डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका दिसला. तांदळाचं पीठ लागलं असेल म्हणून पदराने पुसला. दुसऱ्या दिवशीही होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून मी लक्ष दिलं नाही. बघता बघता तो जबड्यावरून गालावर चढला, गालावरून डोळ्याखाली गेला. एका सकाळी आमची सई, चौथीत होती तेव्हा, शाळेची वेणी घालून घेता घेता आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, तुझ्या डोळ्याला पीठ लागलंय."

पीठ नव्हतं. डाव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस पांढरे झाले होते. उजव्या तशाच काळ्या. मी सईची वेणी पुरी केली, तिला शाळेत पाठवलं आणि न्हाणीत जाऊन रडले.

मासे बंद

डॉक्टरांच्या आधी निदान केलं सुलू मावशींनी. त्या सासूबाईंच्या धाकट्या बहीण, पावसला असतात. आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाल्या की हिने मासे खाऊन वर दूध घेतलंय. मी दूध पीत नाही, असं सांगितल्यावर म्हणाल्या, मग चहा घेतला असशील.

मासे खाऊन दुपारी चहा घेतल्याने कोड उठत असतं, तर आमच्या किनाऱ्यावर रंग असलेला माणूस शोधावा लागला असता. पण असं कोणी कुणाला विचारत नाही. मासे बंद झाले. अंडं बंद, दही बंद, कोकम बंद, सोलकढी तर बघायचीही नाही. मी दिवसभर सुरमई तळायची, बांगड्याचं तिखलं करायचं, मीठ-मसाला वासावर ओळखायचा, आणि चार वाजता मुगाची आमटी घेऊन जेवायला बसायचं. संतोषलाही ते पटलं होतं. त्याचं म्हणणं, करून बघायला काय जातं. त्याचं काही जात नव्हतं, तो समोर बसून बांगडा खात होता.

मग मावशींनी कुणा वैदूकडून तेल आणवलं. बावचीचं. डागांवर लावून उन्हात बसायचं. जेवढं ऊन सोसवेल तेवढं चांगलं, असं त्यांनी निरोपात कळवलं होतं. मी मागच्या अंगणात बसले. संध्याकाळपर्यंत गाल तापलेल्या तव्याला लागल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी फोड आले आणि डोळा सुजून बंद झाला.

म्हणजे मी कातडीच्या डॉक्टरकडे गेले ती कोडासाठी नाही. भाजल्यासाठी गेले. ज्यांना हे झालंय त्यांना हात जोडून सांगते, तुम्ही असं जाऊ नका. पहिला ठिपका दिसला की जा. या प्रकारात सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे असतात, आणि माझे ते महिने मुगाच्या आमटीत गेले.

काळोखी खोली

रत्नागिरीतल्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच होत्या. आधी त्यांनी भाजल्याचं औषध दिलं. ते बरं झाल्यावर परत बोलावलं, संतोषलाही आत घेतलं. खोलीतले दिवे बंद केले आणि जांभळ्या उजेडाचा एक छोटा दिवा माझ्या तोंडाजवळ धरला. समोर आरसा होता. माझा डावा गाल त्या उजेडात निळसर पांढरा चमकत होता. जे डाग साध्या उजेडात मला दिसत नव्हते तेही दिसले, कपाळावर, कानापुढे. फोड आले होते तिथे डाग आणखी पसरला होता. त्या आरशातल्या बाईची मला भीती वाटली.

डॉक्टरांनी दिवे लावले आणि माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध बोटाने रेघ ओढली. त्या म्हणाल्या की हे एका बाजूचं कोड आहे. हे सहसा ही रेघ ओलांडत नाही. येतं झपाट्याने, काही महिने पसरतं आणि बहुतेकदा तिथेच थांबतं. अंगभर होईल म्हणून घाबरू नका. पण जिथे केस पांढरे झाले आहेत तिथे नुसत्या मलमाने रंग येणं अवघड असतं, कारण रंगाचा साठा केसांच्या मुळाशी असतो आणि तोच रिकामा झालेला असतो. औषध आणि उजेडाचे उपचार करू. ते थांबलं आणि वर्षभर थांबूनच राहिलं, तर कातडीचं रोपण करता येतं. गोड गोड काही बोलल्या नाहीत. मला ते बरं वाटलं.

संतोषने विचारलं, "महारोग तर नाही ना?"

त्यांनी कापसाचा बारीक पीळ केला, माझे डोळे मिटायला लावले आणि डागांवरून फिरवला. मला प्रत्येक वेळी कळलं. "नाही," त्या म्हणाल्या. "त्यात संवेदना जाते. हा वेगळाच विषय आहे. हे शिवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. माशांनी तर नाहीच. मासे खा."

मग संतोषने विचारलं की हिने खानावळीत रांधायचं थांबवावं का. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "का?" 

मी सईचं विचारलं. तोपर्यंत मी तिला रोज आंघोळ घालताना तिची पाठ, मान, कानामागे सगळं तपासत होते. पोरगी कंटाळली होती. डॉक्टर म्हणाल्या, शक्यता फार थोडी आहे, आणि या प्रकारात त्याहून थोडी. खात्री कुणालाच देता येत नाही. पण रोज तपासू नका, तुमची भीती तिला लागेल, आणि ती मात्र शिवून लागते.

त्या दिवशी घरी येऊन मी बांगडा तळून खाल्ला. एवढं सगळं सविस्तर यासाठी सांगते आहे की संतोष माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होता. पुढे त्याने जे केलं, ते माहीत नव्हतं म्हणून केलं असं म्हणायची सोय नाही.

उजवी बाजू

मे महिना होता. एक कुटुंब येऊन बसलं. मी ताटं घेऊन गेले तर त्यातल्या बाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. हातांना काही झालेलं नव्हतं. ती नवऱ्याशी कुजबुजली. मुलांना भूक नाही म्हणाली आणि सगळे उठले. मुलं पापडाकडे बघत बघत गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टेबलं सरकवली. मी स्वयंपाकघरातून आले की सगळी बाकं माझ्या उजव्या हाताला येतील अशी. मग म्हणाला, "दीपा, वाढताना उजवी बाजू गिऱ्हाइकाकडे ठेव. म्हणजे प्रश्नच नाही."

अर्ध्याच तोंडाला झालंय याची त्याला सोय दिसली होती.

मी काही दिवस तशी चालले. हातात चार वाट्यांचं ताट, पायाखाली ओली फरशी आणि मान एका बाजूला वळवलेली. नंतर डाव्या गालावर पदर आला. त्यानंतर, सीझनपुरतं तू आतच थांब, मी वाढतो, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं.

मला सगळ्यात जास्त संताप याचा यायचा की माझ्या हातचं जेवण कुणाला नको नव्हतं. मसाला मी वाटत होते, मासे मी साफ करत होते, भात मी उपसत होते. आत मीच रांधते हे नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, तरी सगळे बोटं चाटून जेवत होते. त्यांना फक्त मी दिसायला नको होते. हे कसलं सोवळं? रोगाची भीती असती तर त्यांनी ताट सोडलं असतं. भीती रोगाची नव्हतीच.

त्या दिवसांत सासूबाईंनी एक गोष्ट केली. दुपारी गर्दी ओसरली की त्या माझ्यासमोर पाट घेऊन बसायच्या आणि मलम स्वतःच्या बोटाने माझ्या गालाला, पापणीच्या कडेला लावायच्या. लावून झालं की त्याच हाताने सुपारी कातरायला घ्यायच्या. मावशी त्या दिवशी निघताना माझ्या हातून कुंकू लावून घ्यायलाही तयार नव्हत्या, आणि या त्यांच्याच सख्ख्या बहीण.

मालवणचा माणूस

एका दुपारी कोल्हापूरकडची सातआठ माणसं जेवायला आली. वयस्कर, मोकळी, मोठ्याने बोलणारी. त्यांच्यातले एक गृहस्थ संतोषला म्हणाले की अशी सुरमई आम्ही कुठे खाल्ली नाही, तळली कोणी, त्यांना बाहेर बोलवा, शाबासकी देऊ.

स्वयंपाकघराला नुसता पडदा आहे. मी तव्यासमोर उभी होते.

"माणूस ठेवलाय," संतोष म्हणाला. "मालवणचा."

मी गॅस बंद केला. पदर कमरेला खोचला आणि पडदा सारून बाहेर गेले. डावी बाजू, उजवी बाजू, सगळं तोंड घेऊन.

"मालवणचा कोणी नाही इथे," मी म्हणाले. "मी तळली. रोज मीच तळते."

एकाने हातातला तुकडा ताटात ठेवला. दुसरे एक जण उठून हात धुवायला गेले ते परत बसलेच नाहीत, बाहेर गाडीपाशी उभे राहिले. शाबासकी देणारे गृहस्थ ताटाकडे बघत राहिले. टेबलाच्या टोकाला एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला सरळ विचारलं की हे लागतं का दुसऱ्याला. मी म्हणाले, नाही लागत, डॉक्टरांनी तपासलंय. "बरं," त्या म्हणाल्या, "मग सोलकढी आणा अजून थोडी." मी आणली. त्यांनी विचारलं ते मला अजिबात लागलं नाही. विचारावं माणसाने. न विचारता उठून जाण्यापेक्षा ते किती बरं.

ते लोक गेल्यावर आमचं भांडण झालं. संतोष म्हणाला, धंद्याचा विचार नको का करायला, माझ्यावर काय वेळ येते तुला कळतं का. त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "डॉक्टर सांगत होत्या तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

कितीतरी दिवस आम्ही मीठ-तेलापुरतंच बोललो. टेबलं मी त्याच संध्याकाळी पहिल्यासारखी लावली आणि दुसऱ्या दिवसापासून वाढायला बाहेर आले. काही नेहमीचे लोक यायचे बंद झाले. ते कोण, हे मला ठाऊक आहे, आणि बाजारात भेटल्यावर ते नजर दुसरीकडे नेतात हेही. बाकीचे येत राहिले. ट्रकवाले तर माझ्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, त्यांना भाकरी गरम हवी असायची.

उजेड

आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला जायचं, डोळ्यांवर काळा चष्मा लावायचा, गालावर त्या यंत्राचा उजेड घ्यायचा, परत यायचं. घ्यायला वेळ लागत नाही, जायला-यायला अर्धा दिवस जातो. कितीतरी महिने आरशात काहीच दिसलं नाही. पसरणं थांबलंय, हीच सुधारणा, असं डॉक्टर म्हणायच्या. मला तेव्हा ते पटत नव्हतं.

एस.टी.च्या थांब्यावर रोज कोणीतरी नवा सल्ला द्यायचं. अमक्या गावाला वैद्य आहे, तमक्या देवाला नारळ ठेव. एका अनोळखी बाईने तर, मागच्या जन्मीचं असतं हो, असं माझ्या दंडावर हात ठेवून मायेने सांगितलं. मी तिला म्हणाले, तुमची बस आली.

मग हनुवटीवर तपकिरी ठिपके आले. भाकरी भाजताना पडतात तसे, बारीक बारीक. ठिपके मोठे झाले, एकमेकांना मिळाले, हनुवटी भरली. गाल आणि भुवई मात्र तशीच राहिली. भुवईचे केस आणि गालावरची बारीक लवही पांढरी झाली होती, तिथे रंग येणं अवघड हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वर्षभर एकही नवा डाग आला नाही हे बघून त्यांनी मला रोपणासाठी कोल्हापूरला पाठवलं.

कोल्हापूर

संतोष सोबत आला.

मांडीच्या वरच्या बाजूला कातडीचे लहान लहान फोड उठवतात आणि त्यांचं पातळ पापुद्र्यासारखं वरचं कातडं काढून डागावर बसवतात. मला जागेपणीच, जागा बधिर करून केलं. आत नेण्याआधी मी बाकावर आडवी होते, तेव्हा तिथल्या सिस्टर संतोषकडून माहिती घेत होत्या. पेशंट काय काम करतात, त्यांनी विचारलं. उन्हात काम आहे का, धगीजवळ आहे का, असं त्यांना हवं होतं.

"खानावळ आहे," संतोष म्हणाला. "सगळं रांधणं हिचं. लोक हिच्या हातासाठी येतात."

मला ऐकू यावं म्हणून बोलला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी सगळं माफ केलं असंही नाही. पण आत नेताना गळ्यातलं काढून मी त्याच्याच हातात दिलं.

पट्टी निघेपर्यंत गाल हलवायचा नव्हता. बोलायचं नाही, चावायचं नाही, हसायचं नाही. पेज नळीने प्यायची. दवाखान्याच्या दिवसांत सकाळी पट्टी बघणं, दुपारी पेज, संध्याकाळी डॉक्टरांची फेरी, एवढंच असायचं. भीती एकच, पापुद्रा सरकला तर? शेजारच्या खाटेवर कॉलेजात जाणारी एक मुलगी होती, पायावर कोड असलेली. तिचे आईवडील नातेवाइकांना, ती सहलीला गेली आहे, असं फोनवर सांगत होते. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत पडायची. मला बोलता येत नव्हतं. येत असतं तर तिथे मोठं भांडण झालं असतं.

रंग

पट्टी काढल्यावर लगेच काही छान दिसत नाही, हे सांगून ठेवते. बसवलेले तुकडे आधी गडद दिसले, आजूबाजूला पांढरं तसंच. ठिगळं लावलेल्या गोधडीसारखा गाल. पुन्हा उजेडाच्या फेऱ्या. मग महिन्यामहिन्याने रंग कडेने पाझरत गेला. आज गाल जवळजवळ पुरा भरला आहे. कपाळाला एक कोपरा राहिला. भुवईत थोडे काळे केस आले. पापण्या पांढऱ्याच आहेत आणि त्या तशाच राहतील असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांना काळं लावत नाही.

गेल्या महिन्यात सुलू मावशींच्या नातवाचं बारसं होतं. आम्ही सगळे पावसला गेलो. त्या पहिल्या भेटीनंतर मावशी आमच्या घरची पायरी चढल्या नव्हत्या. मी ओटीवर बसल्याबरोबर बाळाला घेऊन आल्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि डावा गाल निरखला.

"बरं झालं गो बाय," म्हणाल्या. "आलीस एकदाची माणसांत." आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवायला वाकल्या.

मी हात पुढे केले नाहीत. "मी माणसांतच होते, मावशी," मी म्हणाले. "आणि हा डोळा बघा. ह्या पापण्या पांढऱ्याच राहणार आहेत. बघून घ्या, आणि मग द्यायचं तर बाळ द्या."

मावशी तशाच अर्ध्या वाकलेल्या राहिल्या. सासूबाईंनी वर पाहिलं. संतोष दारात उभा होता. मावशी माझ्या डोळ्याकडे बघत होत्या आणि बाळ त्यांच्या हातात चुळबुळ करत होतं. त्यांना काही ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात त्यांची सून आतून आली. बाळंतपणाने थकलेली, केस अर्धवट बांधलेले. तिने सासूच्या हातातून बाळ काढून घेतलं आणि माझ्याकडे दिलं. "वहिनी, धरा जरा ह्याला," म्हणाली. "पाळण्याची दोरी सुटलीय, ती बघून येते."

आणि गेली. मी बाळाची मान सावरून नीट धरलं. त्याला भूक लागली होती, ते रडायला लागलं, आणि ती येईपर्यंत मी त्याला खांद्यावर घेऊन ओटीवर येरझाऱ्या घालत राहिले.